गाडी सुरू होत नाही: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पावसाळा आला की आमच्याकडे येणाऱ्या दुचाकीवाल्यांच्या पत्रांत एक वाक्य हमखास असतं: गाडी सुरू होत नाही. त्यातली निवडक पत्रं या अंकात घेतली आहेत. पत्र लिहिताना चार गोष्टी कळवल्यात तर उत्तर नेमकं देता येतं. गाडी कार्बोरेटरची आहे की फ्युएल इंजेक्शनची, सेल्फ मारल्यावर आवाज कसला येतो, इंजिन थंड असताना अडतं की गरम, आणि बंद पडण्याआधी नुकतंच काय केलं होतं: धुतली, पेट्रोल भरलं, पावसात उभी होती, काही बदललं.

प्रश्न (चिपळूण): माझी १०० सीसीची कार्बोरेटरची गाडी आहे. रात्रभर पावसात उभी राहिली की सकाळी कितीही किक मारा, सुरू होत नाही. दुपारी ऊन पडलं की कधीकधी होते. मिस्त्री म्हणतात कार्बोरेटर बदला. बदलू का?

उत्तर: इतक्यात नको. उन्हात सुकल्यावर सुरू होणारी गाडी बहुतेक वेळा करंट (प्लगची ठिणगी) चुकवत असते आणि कार्बोरेटर बदलून करंट येत नाही. आधी प्लग काढून पाहा. पेट्रोल, करंट आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), तिन्हींबद्दल तो काहीतरी सांगतो.

दहा-बारा किक मारून झाल्यावर लगेच प्लग काढा. टोक ओलं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाही. टोक कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोचत नाही. काळी, कोरडी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. काळा, तेलकट थर असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजून ऑइल वर येतंय.

ओला असेल तर करंट तपासा. प्लग कॅपमध्ये (जाड वायरीच्या टोकाच्या रबरी टोपीत) बसवा, त्याचा धातूचा भाग सिलिंडर हेडच्या रंग नसलेल्या जागी घट्ट टेकवा, चावी ऑन करा आणि दुसऱ्या माणसाला किक मारायला सांगा. प्लगच्या भोकापासून ही जागा लांब हवी, कारण किकबरोबर त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने पेट घेऊ शकते. ठिणगी निळी, जाड आणि प्रत्येक किकला यायला हवी. पिवळी, बारीक किंवा मधूनच येणारी ठिणगी बाहेर दिसली तरी इंजिनच्या आत दाबाखाली टिकत नाही. प्लग अर्थ न करता हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका. करंटला वाट मिळाली नाही की इग्निशन कॉइलच्या इन्सुलेशनवर ताण येतो आणि सीडीआय, म्हणजे ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, तोही जाऊ शकतो.

ठिणगी नसेल किंवा अशक्त असेल तर या क्रमाने जा. पहिल्यांदा नवा प्लग लावून पाहा, तो सगळ्यात स्वस्त भाग आहे. त्याच्या टोकांमधली फट, म्हणजे गॅप, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजा. १००-१५० सीसी गाड्यांत तो साधारण ०.७ ते ०.९ मिमी असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. मग कॅप. सिलिंडर आडवा असलेल्या इंजिनांत प्लग पुढच्या चाकाच्या उडत्या पाण्याच्या टप्प्यात येतो. कॅपच्या रबराला बारीक चीर गेली की पाणी आत शिरतं आणि करंट प्लगमध्ये न जाता बाहेरूनच हेडवर उडतो. पूर्ण अंधारात किक मारून कॅपकडे आणि जाड वायरीकडे बघा, गळणारा करंट निळसर ठिणग्यांनी दिसतो. बहुतेक कॅप वायरीवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती काढा, वायरीचं हिरवट पडलेलं टोक पाच मिमी कापा आणि कॅप पुन्हा फिरवून घट्ट बसवा. कॅपच्या आत रेझिस्टर असतो. मल्टिमीटरने साधारण ५ किलोओहम दाखवायला हवा; काहीच दाखवत नसेल तर कॅप गेली.

एवढं करूनही ठिणगी नाही? मग चावीचा स्विच बघा. जुन्या एसी सीडीआय गाड्यांत चावी बंद केली की एक वायर अर्थ होते आणि त्यामुळे करंट थांबतो. पावसाचं पाणी त्या स्विचमध्ये गेलं की चावी ऑन असूनही वायर अर्थच राहते. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये ही काळी वायर पांढऱ्या पट्ट्याची असते. तिचा जोड तात्पुरता सोडवून किक मारा. ठिणगी आली तर सीडीआय, कॉइल सगळं ठीक आहे, दोष स्विचचा. तुमच्या तक्रारीत, म्हणजे पावसात बंद आणि उन्हात सुरू, आमचा पहिला संशय कॅपवर आहे आणि दुसरा या स्विचवर.

प्लग कोरडा निघाला तर मात्र पेट्रोलचा माग काढा. कार्बोरेटरच्या बुडाशी ड्रेन स्क्रू असतो. त्याखाली पारदर्शक काचेची बाटली धरून तो सैल करा. पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे गोल थेंब किंवा वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी विरघळून जातं, पण मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉललाही सोबत घेऊन तळाशी उतरतं. त्यामुळे आत गेलेल्या पाण्यापेक्षा तळातला थर जास्त दिसतो. टाकीत पाणी जातं ते बहुधा झाकणातून. झाकणाचं रबर कडक झालेलं असतं, किंवा झाकणाभोवतीच्या खळग्यातलं पाणी खाली नेणारी बारीक नळी चिखलाने बुजलेली असते. नुसता कार्बोरेटर रिकामा करून भागत नाही, पूर्ण टाकी उतरवून रिकामी करावी लागते. एक लक्षात घ्या, कॉकमध्ये (टाकीखालच्या पेट्रोलच्या नळात) ऑनची नळी टाकीत उंच असते आणि रिझर्व्हची तळाशी. म्हणून पाणी असलेली गाडी ऑनवर चालते आणि रिझर्व्हवर टाकताच आचके देते.

बाटलीत काहीच पडलं नाही तर कॉकची नळी कार्बोरेटरकडून काढून ऑन करा. धार सुरुवातीला चांगली आणि मग मंदावत असेल तर टाकीचं झाकण उघडा. उघडताच धार वाढली तर झाकणातलं हवेचं भोक बंद आहे. धार पहिल्यापासूनच बारीक असेल तर कॉकची जाळी साफ करा.

आणि जर गाडी फक्त चोकवर सुरू होऊन चोक काढताच बंद पडत असेल तर कार्बोरेटरमधलं पायलट जेट (मंद वेगावर पेट्रोल सोडणारं पितळी तोंड) चोंदलं आहे. त्याचं भोक अर्ध्या मिमीपेक्षाही लहान असतं. त्यात तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा पुरते. एअर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन किती आटे बसले ते लिहून ठेवा, परत तेवढाच सोडा.

प्लग परत बसवताना आधी हाताने पूर्ण आत न्या. नवा असेल तर पान्याने अर्धा फेरा, जुना असेल तर जेमतेम अष्टमांश फेरा. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जास्त जोराने जातात आणि ते काम प्लगपेक्षा फार महाग पडतं.

प्रश्न (पुणे): गाडी बीएस सिक्स, १६० सीसी. सेल्फ मारला की नुसतं टकटक होतं. हेडलाइट लागतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे ना? आणि किक मारूनही का सुरू होत नाही?

उत्तर: लाइट लागणं हा बॅटरी ठीक असल्याचा पुरावा नाही. दिव्याला दोन-चार अँपियर लागतात, सेल्फ मोटरला त्याच्या कित्येक पट. झपाट्याने होणारी टकटक म्हणजे स्टार्टर रिले (सेल्फ मोटरला वीज देणारा स्विच) ओढला जातोय, भार येताच व्होल्टेज पडतंय, रिले सुटतोय, पुन्हा ओढला जातोय.

मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास उभी असताना बॅटरीच्या टोकांवर १२.६ ते १२.८ व्होल्ट हवेत. १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करा. सेल्फ दाबून धरल्यावर आकडा ९.५ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी संपली आहे, चार्ज करूनही ती फार दिवस साथ देणार नाही. आकडा छान राहतो, एकच 'टक' येतो आणि मोटर गप्प बसते, असं असेल तर दोष रिलेच्या आतल्या जळलेल्या कॉन्टॅक्टमध्ये किंवा मोटरच्या झिजलेल्या कार्बन ब्रशमध्ये. त्याआधी बॅटरीच्या टोकांचे स्क्रू घट्ट आहेत का आणि पांढरा क्षार चढलाय का ते पाहायला विसरू नका. कित्येक नव्या बॅटऱ्या या सैल स्क्रूंमुळेच विनाकारण विकल्या जातात.

किकचं कारण वेगळं आहे. जुन्या एसी सीडीआय गाडीत करंट मॅग्नेटमधल्या स्वतंत्र कॉइलमधून येतो, बॅटरी नसली तरी गाडी किकवर चालते. तुमच्या बीएस सिक्ससारख्या इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनचा संगणक), पेट्रोल पंप आणि इंजेक्टर या तिघांना आधी वीज हवी. बॅटरी पार उतरली की बहुतेक गाड्यांत पंपच फिरत नाही आणि किक वाया जाते. चावी ऑन केल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद 'झूंऽऽ' असा आवाज येतो, तो पंप दाब तयार करत असल्याचा. तो आवाज येत असेल तर धक्का स्टार्ट चालेल: दुसरा गिअर, क्लच दाबून पळवा, वेग आला की क्लच सोडा. आवाजच नसेल तर ढकलून दम घालवू नका.

चारचाकीच्या बॅटरीवरून सुरू करायची असेल तर कारचं इंजिन बंद ठेवा. प्लसला प्लस जोडा, मायनस कारच्या बॅटरीवरून तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला. चार्जरने चार्ज करताना बॅटरीच्या अँपियर-अवरचा दहावा भाग करंट द्या, म्हणजे ८ अँपियर-अवरला ०.८ अँपियर. मोठ्या चार्जरवर झटपट चार्ज केलेली छोटी बॅटरी आतून तापते आणि तिचं आयुष्य घटतं.

गाडी सुरू झाल्यावर चार-पाच हजार आरपीएमवर बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. तेवढे नसतील तर नवी बॅटरीही महिन्याभरात उतरेल. रेग्युलेटर-रेक्टिफायर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) किंवा स्टेटर (मॅग्नेटमधल्या वीज बनवणाऱ्या कॉइली) तपासून घ्या. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर ताबडतोब बदला, नाहीतर बॅटरी आणि बल्ब दोन्ही जातील. बाहेरून बसवलेले जीपीएस, अलार्म किंवा जादा दिवे थेट बॅटरीवरून घेतले असतील तर तेही एकेक सोडवून बघा.

प्रश्न (नागपूर): सेल्फ दाबल्यावर काहीच आवाज नाही. मीटरचे दिवे मात्र लागतात.

उत्तर: किल स्विच, साइड स्टँड, न्यूट्रल, क्लच. या चार गोष्टी पाहा. काही गाड्यांत साइड स्टँड खाली असेल आणि गिअर पडलेला असेल तर सेल्फ फिरतच नाही. स्टँडच्या स्विचमध्ये चिखल गेला की स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटतो. पाण्याने धुऊन, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्टँड पाच-सहा वेळा खालीवर करा. गाडी आडवी पडल्यानंतर असं झालं असेल आणि ती इंजेक्शनची असेल तर कलण्याच्या सेन्सरने इंजिन रोखलं असेल. गाडी सरळ करून चावी बंद करून पुन्हा ऑन करा. एवढ्याने झालं नाही तर फ्यूज. जळलेला फ्यूज तेवढ्याच अँपियरचाच लावा. तार गुंडाळून काम भागवलं तर पुढच्या वेळी वायरिंग जळतं.

प्रश्न (कोल्हापूर): थंड असताना पहिल्या किकला सुरू होते. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून चहाला थांबलो की अर्धा तास सुरू होत नाही.

उत्तर: इथे तीन संशयित आहेत आणि प्रत्येकाला वेगळं पकडता येतं. महत्त्वाची अट एकच: तपासणी गाडी अडलेली असतानाच करायची. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत इंजिन थंड होतं आणि दोष लपतो.

कॉइल किंवा पल्सर (ठिणगीची वेळ कळवणारी मॅग्नेटजवळची छोटी कॉइल) तापल्यावर आतून तुटत असेल तर गरम असताना ठिणगी नसेल. कॉइलवर ओलं फडकं ठेवून ती गार करा. पाच मिनिटांत ठिणगी आली तर कॉइल बदला.

ठिणगी आहे, पण प्लग पेट्रोलने भिजलेला: कार्बोरेटरची फ्लोट नीडल (पुरेसं पेट्रोल आलं की वाट बंद करणारी सुई) झिजली असेल. पुढच्या वेळी थांबण्याआधीच पेट्रोल कॉक बंद करा. तेवढ्यानेच गाडी नीट सुरू व्हायला लागली तर नीडल बसत नाही हे नक्की. पेट्रोल ओव्हर झालेली गाडी सुरू करायची तर कॉक बंद करा, चोक काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आठ-दहा किक. जादा पेट्रोल हवेबरोबर बाहेर निघून जातं.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक, पण किक हलकी लागते: टॅपेट घट्ट झाले आहेत, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट कमी झाली आहे. टॅपेट नेहमी सैल होऊन वाजतात असा समज आहे. पण व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये झिजत जातो तशी फट कमीही होते, आणि तेव्हा आवाज येत नाही म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, उरलीसुरली फट संपते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. फट मोजायची ती इंजिन रात्रभर गार झाल्यावर, फ्लायव्हीलवरची 'टी' खूण खिडकीतल्या खुणेसमोर आणून, आणि दोन्ही रॉकर हाताने हलतायत याची खात्री करून. दोन्ही हलत नसतील तर फ्लायव्हील एक पूर्ण फेरा पुढे फिरवा. बहुतेक लहान गाड्यांत ही फट ०.०५ ते ०.१५ मिमीच्या दरम्यान असते, एक्झॉस्टची कधी इनटेकपेक्षा जास्त. आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. फीलर गेज न वापरता 'हाताच्या अंदाजाने' टॅपेट लावणाऱ्याकडे ही गाडी देऊ नका.

प्रश्न (बेळगाव): वडिलांची पॉइंटवाली बुलेट ३५० आहे. कधी पहिल्या किकला, कधी पन्नासाव्या. किक उलटी मारते त्याची भीतीही वाटते.

उत्तर: या गाडीला जोर नको, जागा हवी. चावी ऑन करा आणि अँपियर मीटरकडे बघत किक हळू दाबा. दाब लागला की डिकॉम्प्रेसरची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) लिव्हर ओढा आणि किक अगदी थोडी पुढे न्या. मीटरची सुई मायनसकडून मध्यावर येते तिथे पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्ट) उघडले, पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पुढे गेला. लिव्हर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि मग शरीराचा भार टाकून एकच सलग, शेवटपर्यंत किक. अर्धवट किक हेच उलट्या झटक्याचं मोठं कारण.

तरीही झटका बसत असेल तर डिस्ट्रिब्यूटरमधलं ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) पाहा. त्याची वजनं जुन्या ग्रीसने चिकटली की ठिणगी कायम लवकर पडते. ती साफ करून एक थेंब पातळ तेल द्या, आणि टायमिंग तपासून घ्या.

सुरुवातीचा बेभरवसा बहुतेक वेळा पॉइंटमधून येतो. पूर्ण उघडलेल्या स्थितीत गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासा आणि नंतर पेट्रोलमध्ये भिजवलेल्या कोऱ्या कागदाने पुसा, नाहीतर पेपरची भुकटी आत राहते आणि पुन्हा तेच. पॉइंट निळे पडून वारंवार जळत असतील, किक मारताना त्यांच्यात मोठी ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर बदला. आणि इंजिन बंद असताना चावी ऑन सोडू नका. पॉइंट मिटलेल्या जागी थांबले असतील तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

प्रश्न (सांगली): पुराच्या पाण्यात गाडी सीटपर्यंत बुडाली. आता पाणी ओसरलंय. सुरू करून पाहू का?

उत्तर: कृपा करून नका. चावीसुद्धा ऑन करू नका. पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांत होणारं काम इंजिन उघडण्यावर जातं.

पहिल्यांदा सगळ्या बाजूंनी फोटो काढा. ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) विमा असेल तर गाडीला हात लावण्याआधी विमा कंपनीला कळवा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर या नुकसानीची भरपाई मिळत नाही. पाण्यात गेलेली गाडी सुरू करायचा प्रयत्न केल्याने झालेलं इंजिनचं नुकसान बरेचदा नाकारलं जातं, हेही ध्यानात असू द्या.

मग बॅटरी काढा, आधी मायनस. प्लग काढून पंधरा-वीस वेळा हळू किक मारा, पाणी भोकातून बाहेर येईल. इंजिन ऑइल सोडा. दुधाळ निघालं तर पाणी मिसळलंय. फिल्टर किंवा जाळी साफ करून ताजं ऑइल भरा, गाडी सुरू झाल्यावर पाच मिनिटं चालवून तेही सोडा आणि पुन्हा नवं भरा. दुसऱ्यांदाही दुधाळ निघालं तर तिसऱ्यांदा. टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. कागदी एअर फिल्टर टाकून द्या, फोमचा धुऊन सुकवून तेल लावून वापरता येतो. एअर बॉक्सच्या तळाची नळी उघडून आतलं पाणी काढा, सायलेन्सर तिरका करून रिकामा करा. सगळे वायरिंगचे जोड उघडून हवा मारा. मॅग्नेटचं कव्हर उघडून आतला गाळ धुवा. तो राहिला तर महिन्यांनंतर स्टेटर जातो आणि पुराशी कुणी संबंध जोडत नाही. ब्रेक ड्रम, चाकांचे बेअरिंग आणि फोर्क ऑइल हेही त्याच आठवड्यात. इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीयू सुकवून तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नका.

प्रश्न (मस्कत): रत्नागिरीजवळ गावच्या घरी गाडी आहे. वर्षातून एकदा सुट्टीला येतो तेव्हा पहिले चार दिवस ती सुरू करण्यातच जातात. जाताना काय करून ठेवू?

उत्तर: कार्बोरेटरची असेल तर निघण्याच्या दिवशी इंजिन चालू ठेवून पेट्रोल कॉक बंद करा. कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल, म्हणजे जेटमध्ये चिकट थर साचणार नाही. उरलेले थेंब ड्रेन स्क्रूने सोडा. वर्षभरासाठी टाकीतलं पेट्रोलही काढून घ्या, आणि कोकणातल्या दमट हवेत रिकामी टाकी गंजू नये म्हणून आत थोडं इंजिन ऑइल घालून सगळ्या बाजूंना फिरवून घ्या. इंजेक्शनच्या गाडीची टाकी मात्र काठोकाठ भरून ठेवा, पंप कोरडा पडता कामा नये.

प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिली इंजिन ऑइल सोडा, किक दोनदा हळू दाबा, प्लग परत लावा. बॅटरी काढून घरात ठेवा आणि कुणाकडून तरी महिन्यातून एकदा चार्ज करून घ्या. वर्षभर तशीच पडलेली बॅटरी बहुधा परत उठत नाही. गाडी मेन स्टँडवर ठेवा. सायलेन्सरच्या तोंडाला कापडाचा बोळा घाला आणि त्याची चिठ्ठी हँडलला बांधा. प्लास्टिकने गच्च झाकू नका, आत घाम धरतो. कापडी कव्हर चालेल.

आल्यावर आधी सीट उघडून वायरिंग आणि एअर बॉक्स पाहा, उंदरांनी घर केलेलं असतं. ऑइल टाकलेल्या टाकीत दोन लिटर ताजं पेट्रोल घालून हलवून काढून टाका, मग भरा. इंजेक्शनच्या गाडीतलं जुनं पेट्रोल आंबूस किंवा वार्निशसारखं वासत असेल तर तेही बदला. बोळा काढा, बॅटरी जोडा, चावी बंद ठेवून पाच-सहा किक हळू मारा म्हणजे ऑइल वर चढेल, आणि मग सुरू करा. पहिली दोन-तीन मिनिटं सायलेन्सरमधून पांढरा-निळा धूर येईल. तो प्लगच्या भोकातून सोडलेल्या ऑइलचा आहे. दहा मिनिटांनंतरही थांबला नाही तर आम्हाला पुन्हा लिहा.